जित्या माणसाला आडवं उतरवत नाहीत

पहिलंच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी तोंड वर करून विचारायला नको. अंबिकाला मी आठ महिने नाटकी म्हणत होते. तिच्या तोंडावर म्हणत होते. पाठीमागे बोलायची मला सवय नाही.

मी कालिंदी गावडे. अंबिका माझी धाकटी जाऊ. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या भिंतीला भिंत लावून. एकीत मी एकटी, दुसरीत माझा दीर वैभव, अंबिका आणि त्यांची मुलगी आकांक्षा. मी महापालिकेच्या प्रसूतिगृहात सव्वीस वर्षं आया होते. त्यामुळे चाळीत कुणाला ताप भरला, कुणाच्या छातीत कळ आली, की पहिला निरोप मला. ब्लडप्रेशरचं मशीन माझ्याकडे, आणि काय करायचं ते सांगायचा मानही माझ्याकडे. डॉक्टर नंतर. मला त्याची फुशारकी होती, आता नाही कशाला म्हणू?

अंबिका दादरला एका साड्यांच्या दुकानात होती, सतरा वर्षं. गिऱ्हाईक बसणार, ही उभी. साडी उलगडायची, स्वतःच्या खांद्यावर टाकायची, निऱ्या धरून आरशासमोर वळून दाखवायची, घडी घालायची, दुसरी उलगडायची. दिवसाचे नऊ तास. घरी आली की गॅलरीत उभी राहून त्याच गिऱ्हाइकांच्या नकला. एक बाई पंचेचाळीस साड्या बघून “हाच रंग, पण जरा वेगळा दाखवा” म्हणाली होती, ती नक्कल तर आम्ही पुन्हा पुन्हा करून घ्यायचो. मी म्हणायची, “मेले, दिवसभर उभी होतीस, आता तरी बूड टेक.” ती म्हणायची, “वैनी, बसले की मला झोप येते.” अशी होती. पायांत भिंगरी.

दोन हजार बावीसचा मे महिना. सगळी चाळ घामाने निथळत होती आणि ही कोरडीठाक. पावडर लावल्यासारखा चेहरा. बायका म्हणायला लागल्या, “अंबिका, काय गं, पार्लरला जातेस की काय?” तीही हसायची. मग तोंड कोरडं पडायला लागलं. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरेना. रडताना डोळ्यांत पाणी नाही. उजेड सहन होईना म्हणून दुकानात काळा गॉगल लावून उभी राहायला लागली, तर मालक म्हणाला, “गिऱ्हाईक घाबरतंय, काढ तो.” पोट साफ होईना, लघवीला तासभर बसावं लागायचं. आणि मग उभ्या-उभ्या पडायला लागली.

पहिल्यांदा दुकानात पडली, हातात पैठणी होती. आडवी केली तशी दोन मिनिटांत टुणकन जागी. पाणी प्यायली, उठली, परत पडली. वैभवने तीन डॉक्टर केले. एक म्हणाला ॲसिडिटी, दुसरा म्हणाला पाळी जायची वेळ आली, तिसरा म्हणाला टेन्शन. मी म्हटलं, नाटक! कारण मी स्वतः तिचं प्रेशर मोजलं होतं ना. कॉटवर झोपली होती, दंडाला पट्टा बांधला, एकशेतीस-ऐंशी. माझ्यापेक्षा चांगलं. “काही झालेलं नाही तुला,” मी म्हटलं. “कामाचा कंटाळा आलाय तर तसं सांग. सोंगं कशाला?” ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. हे आठवलं की माझी मलाच चीड येते.

वैभवने गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, मी नारळ ठेवले. अंबिका बारीक होत गेली. शेवटी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात कुणीतरी नंबर लावून दिला. तिथे स्पृहा नावाची तरुण डॉक्टरीण होती, मेंदू आणि नसांची. सोबत मी गेले होते. मी आपली ऐटीत वही पुढे केली, “मॅडम, मी रोज प्रेशर मोजलंय, नॉर्मल आहे.” तिने वही बघितली आणि विचारलं, “उभं करून मोजलंत?”

सव्वीस वर्षांत मी कुणाला उभं करून मोजलं नव्हतं.

तिने अंबिकाला कॉटवरून उठवून उभं केलं, दोन्ही बाजूंनी धरायला सिस्टर ठेवल्या. एका मिनिटात एकशेतीसचे नव्वद झाले. दुसऱ्या मिनिटाला सत्तर. अंबिकाची मान कलली. लगेच आडवी केली, पाय उशीवर, आणि ती परत आली. मग डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारली. मधला काळा टिपका उजेडात बारीक व्हायला हवा, तो तसाच मोठाच्या मोठा. “म्हणून हिला उजेड सहन होत नाही,” ती म्हणाली. मी खाली बघत राहिले. लाज वाटली.

रक्त परदेशात पाठवलं, उत्तर यायला महिना लागला. मग तिने आम्हाला बसवून समजावलं. आपण उभं राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. ते वर राहावं म्हणून शिरा आवळायचा हुकूम मेंदूकडून सुटतो, आपल्याला कळतही नाही. पण मेंदूची नस थेट शिरेपर्यंत जात नाही. वाटेत, पाठीच्या कण्याच्या आसपास, नसांच्या गाठी असतात. तिथे एक नसपेशी संपते आणि दुसरी सुरू होते. दोघींमध्ये बारीक फट. पहिली पेशी त्या फटीत एक रसायन सोडते आणि दुसरीच्या अंगावर ते झेलायला जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. रसायन तिथे बसलं की हुकूम पुढे जातो. घामाचा, लाळेचा, अश्रूंचा, आतड्याचा, लघवीचा, डोळ्यातल्या टिपक्याचा, सगळ्यांचे हुकूम याच गाठींतून.

“आणि हिच्या रक्तातल्या अँटिबॉडी त्या रिसेप्टरवर जाऊन बसतात,” डॉक्टर म्हणाली.

“अँटिबॉडी म्हणजे कोविडात सगळ्यांना हव्या होत्या त्याच ना?” मी विचारलं.

“त्याच जातीच्या. रोगाशी लढायला शरीर बनवतं. पण या चुकीच्या बनल्यात. त्या रिसेप्टरला चिकटतात, त्याला काम करू देत नाहीत, आणि मग ती पेशी तो रिसेप्टरच आत ओढून मोडून टाकते. हुकूम सुटतो, झेलणारं कुणी उरत नाही.”

“म्हणजे कुंपणच शेत खातंय,” मी म्हटलं.

“अगदी बरोबर.”

मग ती अंबिकाकडे वळून म्हणाली, “हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. टेन्शन नाही. कुणी तसं म्हणालं असेल तर चूक आहे ते.” अंबिकाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. घरी येऊन मी तिचे पाय धरायला गेले तर म्हणते, “वैनी, अहो काय करताय! वाकू नका, तुमचंच प्रेशर वाढायचं.” आणि हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

डॉक्टरने निघताना मला बजावून सांगितलं होतं. ऐका, कारण पुढचं सगळं इथेच आहे. “चक्कर आली की पहिलं आडवं करायचं, पाय वर. बसवून ठेवायचं नाही, उभं धरून ठेवायचं नाही. आपण पडतो ना, ते शरीर स्वतःला वाचवतं. आडवं झालं की रक्त मेंदूकडे परत जातं. तुम्ही धरून ठेवलंत तर ते परत जाणार नाही.” मी मान डोलावली. आयाबाईला काय दोनदा सांगायचं?

मग उपचार. मानेत नळी घातली, एक दिवसाआड मशीनवर. रक्त बाहेर काढायचं, त्यातलं पिवळं पाणी, प्लाझ्मा, वेगळं काढून टाकायचं, कारण अँटिबॉडी त्यातच असतात, आणि बाकीचं रक्त नव्या पाण्याबरोबर परत आत. पाच वेळा. वर गोळ्या, पोटापर्यंत घट्ट मोजे, दिवसाला तीन लिटर पाणी आणि भरपूर मीठ. अख्खं जग मीठ कमी करा म्हणतंय आणि मी हिच्या पेजेत चमचा-चमचा घालतेय. वैभव म्हणायचा, “वैनी, चुकून माझ्या ताटात वाढाल, मी जाईन वर.”

घरी आली तेव्हा दीड मिनिट उभी राहायची. मी मोबाइल लावून मोजायची. मग चार मिनिटं, मग सात. अंबिकाचं एकच वेड, उभं राहायचं. “वैनी, पंधरा मिनिटं झाली ना, की मी मालकाला फोन करणार. पंधरा मिनिटं उभी, पाच मिनिटं स्टुलावर, असं चालेल का विचारणार.” रोज तोच विषय. दोन हजार तेवीसच्या सोळा ऑक्टोबरला ती चौदा मिनिटं उभी राहिली. गॅसपाशी उभं राहून सात घावणे काढले, आणि एकदम ओरडली, “वैनी, इकडे या! इकडे या!” मला वाटलं पडली. धावले तर ही वरच्या ओठाला बोट लावून उभी. “घाम!” तीन थेंब होते. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. मी तो घाम माझ्या पदराने पुसला नाही, राहू दिला.

डॉक्टरने आधीच सांगितलं होतं की शरीर नव्या अँटिबॉडी बनवू शकतं, मग परत मशीनवर यावं लागेल. जानेवारीत ते झालं. आधी घाम गेला, मग तोंड सुकलं. चौदाची नऊ मिनिटं झाली, नऊची तीन. डॉक्टर म्हणाली, सोमवारी दाखल व्हा, थांबू नका. शनिवारी सकाळी अंबिका मोरीपर्यंत चार पावलं गेली आणि कोसळली. आडवी केली, शुद्धीवर आली, पण नुसती मान उशीवरून उचलली तरी डोळे फिरायला लागले. आदल्या संध्याकाळपासून लघवी नव्हती, पोट टम्म. वैभव ड्यूटीवर, आकांक्षा कॉलेजात. मी हॉस्पिटलला फोन लावला. त्यांनी सांगितलं, लगेच आणा. ॲम्ब्युलन्स खाली येऊन उभी राहिली. वर आलेल्या माणसाने स्ट्रेचर दुसऱ्या मजल्याच्या वळणावरूनच परत नेलं. आमचा लाकडी जिना, तिथे ते वळत नाही. कधीच वळलेलं नाही.

अशा वेळी आमच्या चाळीत एकच हाक असते, “खुर्ची काढा!” जिन्याखाली मंडळाची हातांची जाडजूड खुर्ची आहे. पेशंटला तीत बसवायचं, लुगड्याने पाठीला बांधायचं, चौघांनी उचलायचं. चाळीस वर्षं असेच पेशंट उतरतात. अडलेल्या बायका, हार्टवाले, पाय मोडलेले. धोंडूमामा, जुने गिरणीतले, सत्तरी पार केलेली, पण आजही पुढची बाजू त्यांचीच. आजवर त्यांच्या हातून कुणी पडलेलं नाही.

आणि दुसरी एक गोष्ट आहे, ती आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही. आडवा उतरतो तो मेलेला माणूस. जित्या माणसाला आडवं उतरवत नाहीत. दोन हजार नऊ साली माझ्या मिस्टरांना घाम फुटला, छातीत कळ आली, आणि घाईत खुर्ची सापडेना म्हणून चादरीत घालून उतरवलं होतं. झोळीत. आमच्या गावाला डोंगरातून पेशंट असाच आणतात. ते जिवंत होते, माझा हात धरला होता. परत वर आले नाहीत. तेव्हापासून मी ठरवलं होतं, माझ्या घरातलं माणूस या जिन्यावरून आडवं जाणार नाही.

अंबिकाला खुर्चीत बसवायला चौघांनी हात घातले, तेव्हा तिला कळलं. क्षीण आवाजात म्हणाली, “वैनी, बसवू नका. मला आडवी न्या.”

“अभद्र बोलू नकोस!” मी ओरडले. खरंच ओरडले, सगळ्यांनी ऐकलं.

“वैनी, चादरीत न्या. मी बसले की जाते.”

“गप्प बस. चार मिनिटांचं काम आहे. खाली गेलीस की झोप हवी तेवढी.”

ते लुगडं मी बांधलं. माझी गाठ पक्की असते.

तिसऱ्या मजल्यावरून निघालो तोवर तिचे डोळे मिटले होते. मला वाटलं, नेहमीची चक्कर आहे, खाली आडवी केली की उठेल. नेहमी उठायची ना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खालून गोदरेजचं कपाट वर येत होतं. त्याच दिवशी, त्याच वेळी नवीन भाडेकरू सामान चढवत होते. कपाट कठड्यात अडकलं. ते ना वर, ना खाली. आमची माणसं खुर्ची घेऊन पायरीवर उभी. धोंडूमामा ओरडतायत, “अरे मागे घ्या रे, पेशंट आसा!” ते म्हणतायत, “काका, दोन मिनिटं.” अंबिकाची मान छातीवर पडली. मी मागून दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरली आणि मान सरळ ठेवली. वर. नीट, ताठ. कुणाचंही डोकं लटकू द्यायचं नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तिचे ओठ राखाडी झाले. मी गालावर चापट्या मारल्या. “अंबिका! ए अंबिका!” हातात गार लागली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टरचे शब्द जसेच्या तसे आठवले, धरून ठेवलंत तर परत जाणार नाही.

“खाली ठेवा!” मी किंचाळले. “आडवी करा, इथेच करा!”

“खंयसर करू गो? जागा खंय आसा?” धोंडूमामा म्हणाले. पायरीवर एका माणसाला धड उभं राहायला जागा नव्हती. वर वळायला मागची माणसं दाटलेली, खाली कपाट. मी गाठ सोडायला गेले तर सुटेना. माझीच गाठ. नखं तुटली माझी. शेवटी दातांनी ओढली, तेवढ्यात कपाट सरकलं आणि ते धावतच खाली उतरले.

चार मिनिटांची दहा झाली होती. ॲम्ब्युलन्सवाल्याने तिला आडवी केली, पाय वर धरले, ऑक्सिजन लावला. नाडी लागली. श्वास आला. मी देवाला हात जोडले आणि म्हटलं, आता उठेल. दोन मिनिटांत टुणकन उठेल.

सहा दिवस उठली नाही.

प्लाझ्मा बदलला तो तशाच अवस्थेत, अतिदक्षता विभागात. सातव्या दिवशी डोळे उघडले. मी स्पृहा डॉक्टरला सगळं सांगितलं, लुगड्यासकट, एक शब्द लपवला नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती एवढंच म्हणाली, “जिना अरुंद आहे, माहितीये मला.” वैभव माझ्याशी अजून नीट बोलतो. धोंडूमामांनी त्या दिवसापासून खुर्चीला हात लावलेला नाही. फक्त आकांक्षाने विचारलं. हॉस्पिटलच्या बाकावर, माझ्याकडे न बघता. “मोठी आई, ती आडवी न्या म्हणत होती ना?”

मी हो म्हटलं.

ती रडली नाही, भांडली नाही. तिने मला चहा आणून दिला. तो चहा मी कसा प्यायले, माझं मला माहीत.

आता वर्ष होत आलं. प्लाझ्माची पाळी दर काही महिन्यांनी असते, नवीन औषधही सुरू केलंय, आणि ते लागू पडलंय. खरंच लागू पडलंय. अँटिबॉडी कमी झाल्या. घाम येतो, तोंडाला पाणी सुटतं, डोळ्यांतला टिपका उजेडात बारीक होतो. मागच्या महिन्यात डॉक्टरने तिला उभं करून मोजलं, एकशे अठरा. पाच मिनिटांनी एकशे सोळा. दहा मिनिटांनी तेवढंच. डॉक्टरने आकडा लिहिला आणि बराच वेळ कागदावरून नजर वर केली नाही. “नसांचं काम चांगलं चाललंय,” म्हणाली. मेंदूचं मी विचारलं नाही. मला दिसतं ना घरी.

अंबिका उभी असते. सकाळी आंघोळ घातली, साडी नेसवली की गॅलरीत कठड्याला धरून उभी. अर्धा तास, तास, दोन तास. “बस” म्हटलं तर बसते, जेव म्हटलं तर जेवते. मी पाठ फिरवली की परत उभी. आधी मला वाटायचं, रस्ता बघते, गाड्या बघते. मग एकदा जवळ जाऊन विचारलं, “कोणाची वाट बघतेस गं?”

ती माझ्याकडे वळली. अगदी अदबीने, परक्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

“मावशी, मला घरी कधी सोडणार?”

हॉस्पिटलात आयाला मावशी म्हणतात. तिला वाटतं, हा वॉर्ड आहे. रोज तयार होऊन, उभं राहून, सोडायची वाट बघते. पहिल्या दिवशी मी तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं, “अगं हेच घर, ही तुझी खोली, मी वैनी तुझी!” तर घाबरून भिंतीला चिकटली आणि सिस्टरला हाका मारायला लागली. परत तसं केलं नाही मी.

आता तिने विचारलं की मी सांगते, “उद्या.”

“बरं,” म्हणते, आणि उभी राहते.